एकच जंतू, दोन स्वभाव



गेल्या वर्षी बकरी ईदनंतरच्या आठवड्यात माहेराहून फोन आला. भावाचा मुलगा, वय नऊ, चार दिवसांपासून तापाने फणफणत होता. गावातल्या डॉक्टरांनी टायफॉइड धरून औषध सुरू केलं होतं, पण ताप उतरत नव्हता. पाचव्या दिवशी भाभीने त्याचे पाय पुसताना पाहिलं, तर तळव्यांवर लालसर ठिपके. हाताच्या तळव्यांवरही तेच.

"आपा, गोवर असेल का?" भाभीने विचारलं.

मी शाळेत विज्ञान शिकवते, डॉक्टर नाही. पण गोवराचे ठिपके कानामागून आणि चेहऱ्यावरून सुरू होतात, एवढं ठाऊक होतं. म्हटलं, "भाभी, आजच जिल्ह्याला न्या. उद्यावर टाकू नका."

तिथल्या बालरोगतज्ज्ञांनी मुलाचे तळवे पाहिले आणि पहिलाच प्रश्न विचारला, "घरात जनावरं आहेत का? अंगावर गोचीड सापडली होती का?"

भाभी गप्प झाली. ईदसाठी आणलेले दोन बकरे पंधरा दिवस ओसरीत बांधलेले होते. गल्लीतला कुत्राही दिवसभर तिथेच पडून असायचा. पोराच्या कानामागे गोचीड चिकटली होती. अम्मीने त्यावर रॉकेलचा बोळा लावून ती ओढून काढली होती. यात डॉक्टरांना सांगण्यासारखं काही असेल, असं कोणालाच वाटलं नव्हतं.

डॉक्टरांनी रक्त तपासायला पाठवलं, पण अहवालाची वाट न पाहता त्याच दुपारी डॉक्सिसायक्लिन सुरू केलं. दोन दिवसांत ताप उतरला. अल्हमदुलिल्लाह, आज पोरगा गल्लीत क्रिकेट खेळतो आहे.

त्या वॉर्डात शेजारच्या खाटेवर त्याच्याच वयाची एक मुलगी होती. तिला ताप येऊन नववा दिवस उलटल्यावर आणलं होतं. आजार तोच. तिच्या पायाच्या बोटांची टोकं काळी पडली होती. तिची आई मला म्हणाली, "ताई, गोचिडी तर आमच्याकडे सगळ्यांनाच चावतात. मग माझ्याच पोरीचं असं का झालं?"

मला तेव्हा उत्तर देता आलं नाही. घरी आल्यावर वाचत गेले. जे समजलं, ते या महिन्याच्या सदरात मांडते. उत्तर दोन भागांत आहे. एक भाग जंतूच्या हातात आहे, दुसरा आपल्या. आधी जंतूचं बघू. त्यासाठी जरा लांब, अमेरिकेत जावं लागेल, कारण हा प्रश्न तिथे शंभर वर्षांपूर्वीच विचारला गेला होता.

एका खोऱ्यातलं कोडं

अमेरिकेच्या मोंटाना राज्यात बिटररूट नावाचं एक खोरं आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिथे वस्ती वाढली आणि वसंत ऋतू आला की एक ताप पसरू लागला. अंगावर गडद ठिपके उठायचे, म्हणून लोक त्याला काळा गोवर म्हणायचे. पुढे त्याला रॉकी माउंटन स्पॉटेड फीव्हर, म्हणजे रॉकी पर्वतातला ठिपक्यांचा ताप, हे नाव पडलं. या खोऱ्यात आजारी पडलेल्या दहांपैकी सहा-सात जण दगावायचे. शेजारच्याच आयडाहो राज्यातही हाच ताप होता, ठिपके तेच, लक्षणं तीच. पण तिथे शंभरात पाचच्या आसपास माणसं जायची. एकच आजार एका ठिकाणी कर्दनकाळ आणि दुसऱ्या ठिकाणी सौम्य, असं का?

१९०६ साली शिकागोचे डॉक्टर हॉवर्ड रिकेट्स या खोऱ्यात आले. गोचीड चावल्याने हा आजार होतो, हे त्यांनी गिनीपिगवर प्रयोग करून दाखवलं. रुग्णांच्या रक्तात त्यांना अगदी बारीक जंतूही दिसले. पुढे ते याच जातकुळीतल्या टायफस तापाचा अभ्यास करायला मेक्सिकोला गेले आणि १९१० मध्ये त्याच तापाने वारले. वय अवघं ३९. या जंतूंच्या घराण्याला आज रिकेट्सिया म्हणतात, ते त्यांच्याच नावावरून.

त्यांच्यानंतर आलेल्या संशोधकांनी खोऱ्यातल्या हॅमिल्टन गावाजवळ एका रिकाम्या पडलेल्या शाळेच्या इमारतीत प्रयोगशाळा थाटली. शिक्षिका म्हणून ही गोष्ट मला फार जवळची वाटली. जिथे पोरं पाढे म्हणायची, तिथे माणसं हजारो गोचिडी पाळून त्यांचा अभ्यास करत होती. त्यांतले काही जण याच तापाने मेले. १९२४ मध्ये रोस्को स्पेन्सर यांनी चिरडलेल्या गोचिडींपासून तयार केलेली लस आधी स्वतःच्या दंडात टोचून घेतली.

स्पेन्सर आणि त्यांचे सहकारी पार्कर यांना आणखी एक गोष्ट आढळली. गोचीड बरेच दिवस उपाशी असली की तिच्या पोटातला जंतू निस्तेज असतो. तिने रक्त पिऊन अंगात ऊब धरली की तो पुन्हा जागा होतो. म्हणजे गोचीड अंगाला लागली त्याच क्षणी आजार शिरतो असं नाही, मध्ये बहुधा काही तास जातात. गोचीड लवकर काढण्याला महत्त्व आहे ते याचमुळे.

पण मूळ कोडं कायम होतं. १९५० च्या दशकात प्राइस नावाच्या संशोधकांनी निरनिराळ्या ठिकाणचे जंतू गोळा करून गिनीपिगमध्ये त्यांची प्रतवारी लावली. काही जंतूंनी गिनीपिग मरत होते, काहींनी नुसते तापत होते, तर काहींनी जवळजवळ काहीच होत नव्हतं. जात एकच, नाव एकच, पण वाण वेगळे. आपल्याकडे ज्वारीच्या एकाच पिकात एक वाण उंच, एक बुटका असतो, तसंच हे. शास्त्रज्ञ अशा वाणांना स्ट्रेन म्हणतात.

दोन वह्या शेजारी शेजारी

या जंतूचे दोन वाण अभ्यासकांच्या फार कामाला आले. एकाचं नाव शीला स्मिथ. १९४६ मध्ये मोंटानातल्या एका रुग्णाच्या रक्तातून तो मिळाला. हा वाण जहाल आहे. दुसऱ्याचं नाव आयोवा. हा प्रयोगशाळेतल्या गिनीपिगना आजारी पाडत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली दोघे सारखेच दिसतात. मग फरक कुठे आहे?

२००८ साली याच हॅमिल्टनच्या प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांनी आणि त्यांच्या साथीदारांनी दोन्ही वाणांचा संपूर्ण जनुकीय मजकूर शेजारी शेजारी ठेवून ओळीने ताडून पाहिला. हा मजकूर प्रत्येकी सुमारे साडेबारा लाख अक्षरांचा आहे. त्यावरून जंतू आपली प्रथिनं बनवतो. प्रथिन म्हणजे डाळीत आणि अंड्यात असतं तेच, पण जंतूसाठी ती हत्यारंही असतात आणि अवजारंही. पेशीला चिकटायला एक, आत शिरायला दुसरं, आतली व्यवस्था बिघडवायला तिसरं.

साडेबारा लाख अक्षरांत फरक किती निघाले? एकेका अक्षराचे ४९२ आणि कुठे ना कुठे तुकडा गळाल्याचे १४३. बाकी सगळं सारखं.

उर्दू लिहिणाऱ्यांना याचं नवल वाटायला नको. बिननुक्त्याचं "हाल" लिहा. त्याच्या पहिल्या अक्षराखाली एक नुक्ता दिला की ते "जाल" होतं, आणि नुक्ता वर दिला की "खाल", म्हणजे गालावरचा तीळ. मराठीत एक अनुस्वार पडला की "चिंता"ची "चिता" होते. मुलांच्या वह्या तपासताना आम्ही रोज पाहतो, काही चुकांनी अर्थ बिघडत नाही आणि एखाद्या चुकीने अख्खं वाक्य कोसळतं. शास्त्रज्ञांपुढचा प्रश्न हाच होता. या सहाशेच्यावर फरकांपैकी जंतूचा स्वभाव बदलणारा नुक्ता कोणता?

संशय दोन प्रथिनांवर आला. दोन्ही जंतूच्या अंगाबाहेर, कातडीवर असतात. पहिलं ओम्प-ए. आयोवा वाणात याचा मजकूर मधेच तुटलेला असल्याने ते तयारच होत नाही. दुसरं ओम्प-बी. ते आधी लांबलचक बनतं आणि मग योग्य जागी कापलं जातं. आयोवात हे कापणं नीट होत नाही. कुडता शिवून झाला, पण गळा कापायचाच राहिला, तर तो अंगात जाणार कसा? तसंच काहीसं.

आश्चर्य म्हणजे, कोणतं जनुक किती प्रमाणात काम करतं हे पाहिलं, तर दोन वाणांत फक्त चार ठिकाणी फरक दिसला. कारखाना दोघांचा सारखाच चालू आहे, पण एकाचा काही माल सदोष निघतो, असा त्याचा अर्थ.

संशयित निर्दोष सुटला

इथेच गोष्ट संपली असती, तर मी वर्गात सांगितलं असतं की ओम्प-ए हाच गुन्हेगार. पण विज्ञानात संशय म्हणजे निकाल नव्हे. त्याच गटाने २०१५ मध्ये जहाल शीला स्मिथ वाणातलं ओम्प-ए मुद्दाम बंद पाडलं. अपेक्षा अशी की जंतू सौम्य होईल. झाला नाही. गिनीपिग पूर्वीइतकेच आजारी पडले. म्हणजे ओम्प-ए एकटा दोषी नव्हता.

मग नजर आणखी एका प्रथिनाकडे वळली. त्याचं नाव रार्प-२. जंतू हे प्रथिन स्वतःजवळ ठेवत नाही, ज्या पेशीत शिरला त्या पेशीत ते सोडून देतो. जहाल वाणात ते पूर्ण लांबीचं आहे. आयोवात त्याच्या मधला मोठा भाग गायब आहे. प्रयोगशाळेत बशीत पेशींचा पातळ थर वाढवून त्यावर जंतू सोडले, तर जहाल वाण त्या थराला स्वच्छ भोकं पाडतो. आयोवा नुसते धुरकट डाग पाडतो. शास्त्रज्ञांनी जहाल वाणातलं पूर्ण रार्प-२ आयोवाला दिलं. २०१८ साली हे काम प्रसिद्ध झालं. आता आयोवाही बशीत स्वच्छ भोकं पाडू लागला! पण तोच जंतू गिनीपिगला टोचला, तर गिनीपिग ठणठणीत.

हे वाचून मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसले. आपल्याला नेहमी एकच कारण हवं असतं. एक गुन्हेगार, एक नजर लागणं, एक चूक. पण जंतूची जहालता एका प्रथिनात नाही. चिकटणारं, कापलं जाणारं, पेशीत सोडलं जाणारं, अशी अनेक प्रथिनं मिळून ती घडते. एकेक वेगळं काढून पाहिलं, तर कोणीच पुरता दोषी ठरत नाही. हे ताडून पाहणं थांबलेलं नाही. कारण चांगली लस किंवा लवकर निदान करणारी तपासणी हवी असेल, तर कोणतं प्रथिन खरं महत्त्वाचं आहे, हे आधी कळायला हवं.

आपल्याकडचा भाऊबंद

रॉकी पर्वतातला तो जंतू आपल्याकडचा नव्हे. पण त्याचा भाऊबंद भारतात आहे. त्याचं नाव रिकेट्सिया कोनोरी. या एका जातीचेही चार उपप्रकार मानले जातात: भूमध्य समुद्राकाठचा, इस्रायली, कॅस्पियन समुद्राकडचा आणि आपला "इंडिका". त्याच्या तापाला इंडियन टिक टायफस म्हणतात. चौघे इतके जवळचे की त्यांना वेगळं ओळखायलाही जनुकांचा मजकूरच ताडून पाहावा लागतो. तरी त्यांचं वागणं सारखं नाही. भूमध्य प्रकारात गोचीड चावलेल्या जागी काळी खपली धरते, आपल्याकडे ती बहुधा सापडतच नाही. पोर्तुगालमध्ये दोन प्रकार एकाच प्रदेशात आढळतात आणि तिथे इस्रायली प्रकार अधिक गंभीर ठरला आहे.

आपल्याकडे हा आजार मुख्यतः कुत्र्याच्या अंगावरच्या तपकिरी गोचिडीमुळे पसरतो, जनावरांवरच्या इतर काही गोचिडींचाही त्यात हात असतो. महाराष्ट्रात अकोल्यासारख्या ठिकाणच्या बालरोगतज्ज्ञांनी लहान मुलांमधल्या या तापाबद्दल लिहिलं आहे. सिंधुदुर्गातला माकडतापही गोचिडीमुळेच होतो, पण तो विषाणूचा आजार आहे. त्याला ही औषधं लागू पडत नाहीत. दोघांची गल्लत करू नका.

हा जंतू शिरतो तो रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरात. अस्तर झिजलं की बारीक वाहिन्या पाझरू लागतात. अंगावरचे ठिपके म्हणजे तेच पाझरणं. जे कातडीखाली दिसतं, तेच मेंदूत, फुप्फुसांत, मूत्रपिंडांत होत असतं. बोटांच्या टोकांना रक्त पोहोचलं नाही की ती काळी पडतात. त्या मुलीच्या पायांचं तेच झालं होतं.

आपल्या हातातला भाग

आता त्या माऊलीच्या प्रश्नाकडे येते. तिच्या मुलीच्या अंगातला वाण अधिक जहाल होता का? असेल, नसेलही. दवाखान्यात हे कळायचा मार्ग नव्हता. गोचिडीवर काही लिहिलेलं नसतं की मी शीला स्मिथ आणि मी आयोवा. शंभर वेळा गोचीड चावली आणि काही झालं नाही, याचा अर्थ एकशे एकावी निरुपद्रवी असेल असा होत नाही.

पण दुसरी गोष्ट पक्की ठाऊक आहे. वाण कोणताही असो, औषध एकच आहे आणि ते पहिल्या पाच दिवसांत सुरू झालं तर जीव वाचण्याची शक्यता खूप वाढते. रक्ताच्या तपासणीत जे शोधतात, ते आपल्या शरीराने जंतूविरुद्ध तयार केलेले घटक. ते तयार व्हायला आठवडाभर लागतो. म्हणून तिसऱ्या-चौथ्या दिवशीचा अहवाल कोरा आला, तरी आजार नाही असं म्हणता येत नाही. आपल्याकडे सर्रास होणारी वेल-फेलिक्स चाचणी तर त्याहून कच्ची. म्हणूनच आमच्या डॉक्टरांनी अहवालाची वाट पाहिली नाही. ठिपक्यांचीही वाट पाहायची नसते, ते बहुधा तापानंतर काही दिवसांनी येतात.

औषध घ्यायला भाभी कचरली होती. दुकानात कोणीतरी सांगितलं होतं की या गोळीने मुलांचे दात पिवळे होतात. ही भीती जुन्या टेट्रासायक्लिनवरून आली आहे. या आजारासाठी थोडे दिवस दिलेल्या डॉक्सिसायक्लिनने दातांवर डाग पडल्याचं दिसलेलं नाही, आणि लहान मुलांतही हेच औषध पहिलं मानलं जातं. मात्र मात्रा आणि दिवस डॉक्टरांनीच ठरवायचे. मेडिकलमधून परस्पर गोळ्या आणून घरी देऊ नका. घरात गर्भवती असेल, तर ते आधी सांगा.

घरी एवढं करा:

गोचीड चिकटलेली दिसली, तर बारीक चिमट्याने तिला कातडीच्या अगदी जवळ धरून सरळ, सावकाश ओढा. रॉकेल, चुना, जळती काडी, काहीही लावू नका. त्याने वेळ जातो, आणि चिडलेली गोचीड पोटातलं आपल्या अंगात ओकू शकते. नखाने चिरडूही नका. मग जागा आणि हात साबणाने धुवा.

कॅलेंडरवर त्या तारखेला खूण करा. पुढचे दोन आठवडे ताप, डोकेदुखी, अंगदुखी, ठिपके यांवर लक्ष ठेवा. म्हातारी माणसं आणि मधुमेह असलेले यांची जास्त काळजी घ्या, त्यांच्यात हा आजार अधिक गंभीर होतो.

ताप आला, तर डॉक्टरांनी विचारायची वाट न पाहता स्वतःच सांगा, "अमुक तारखेला गोचीड चावली होती, घरात बकरे आहेत, दारात कुत्रा असतो." हे एक वाक्य कधीकधी महागड्या तपासणीपेक्षा मोलाचं ठरतं. भाभीने ते पहिल्या दिवशी सांगितलं असतं, तर चार दिवस वाचले असते. तिचाही दोष नाही, तिला कोणी सांगितलंच नव्हतं.

ईदसाठी बकरा आणाल, तेव्हा त्याचे कान, मांडीचा खोबदा, शेपटीखालची जागा पाहून घ्या. गोचिडी असतील, तर पशुवैद्यकाला विचारून औषध लावा. जनावर घराच्या झोपायच्या जागेपासून दूर बांधा. मुलं त्याच्याशी खेळणारच, त्यांना अडवू नका. संध्याकाळी आंघोळ घालताना कानामागे, केसांत, काखेत, कमरेच्या नाड्याखाली एकदा हात फिरवा.

यंदा ईदच्या आधी माहेरी गेले, तेव्हा ओसरीतल्या खुंटीला एक चिमटा दोऱ्याने बांधून लटकवलेला दिसला. पुतण्याने तो काढून मला दाखवला आणि म्हणाला, "फुफी, आता रॉकेल बंद." भिंतीवरच्या कॅलेंडरवर दोन तारखांभोवती पेन्सिलीची गोल खूण होती. भाभी म्हणाली, दोन्ही वेळा काही झालं नाही, पण चौदा दिवस रोज पोराच्या कपाळाला हात लावला.

पुढच्या महिन्यात भेटू, इन्शाअल्लाह. खुदा हाफिज.